सांबराला कोणती गोळी? मोठ्या शिकारीसाठी रायफलची गोळी कशी निवडतात

येऊरच्या जंगलात पावसाळ्यानंतर ओढ्याकाठच्या चिखलात सांबराचे खूर उमटलेले सापडतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरमध्ये बिबट्याइतकं कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही, पण भारतातलं सगळ्यात मोठं हरीण तेच. हीच जात १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नेऊन सोडली गेली. तिथे ती इतकी रुजली, की आज मेलबर्नच्या पूर्वेकडच्या डोंगरांत रीतसर परवाना काढून सांबराची शिकार करता येते.

मी ठाण्यात मुलांना एअर रायफल शिकवते. माझ्याकडून नेम धरायला शिकलेली मुलं आता नोकरीसाठी मेलबर्न, म्युनिक, गोथेनबर्ग अशा ठिकाणी पोहोचली आहेत. तिथले सहकारी त्यांना शिकारीला बोलावतात आणि मग ठाण्याला फोन येतो, ‘मॅडम, किती बोरची रायफल घेऊ?’ त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. येऊर असो, शहापूर असो की मुरबाड, बंदूक घेऊन सांबरामागे जाणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा असं माझं मत आहे. पुढचं सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी.

बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास, आणि पर्यायाने गोळीची जाडी. आपल्याकडे ‘बारा बोर’, ‘तीनशे पंधरा बोर’ हे शब्द सगळ्यांच्या कानावरचे, म्हणून प्रश्नही बोरचाच येतो. पण जनावराचं काय होणार हे बोरपेक्षा गोळीची घडण आणि आत शिरतानाचा तिचा वेग या दोन गोष्टी जास्त ठरवतात. दुकानात एकाच बोरच्या काडतुसांचे चार डबे शेजारी शेजारी असतात. त्यातल्या एकाने सांबर काही सेकंदांत कोसळेल आणि दुसऱ्याने तेच सांबर जखमी होऊन दरीत उतरेल, दोन दिवस तडफडेल. निवड म्हणतात ती इथे.

जनावर नेमकं कशाने मरतं

गोळीच्या धक्क्याने जनावर उडून पडतं, हे सिनेमात. प्रत्यक्षात मोठं हरीण मरतं ते बहुतेक वेळा रक्तस्रावाने. शिकारी पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरतो. तिथे दोन्ही फुप्फुसं आणि हृदय असतं. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली की रक्तदाब झपाट्याने खाली येतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. तेवढ्यात ते पन्नास-शंभर मीटर धावूही शकतं. हीच गोळी पोटात गेली तर मरण यायला कित्येक तास लागतात.

म्हणजे गोळीने दोन कामं करायची असतात. कातडी, बरगडी आणि प्रसंगी खांद्याचं हाड पार करून फुप्फुसांपर्यंत पोहोचायचं, आणि तिथे पुरेशी रुंद जखम करायची. ही कामं एकमेकांच्या विरोधात जातात. रुंद होणारी गोळी लवकर थांबते, खोल जाणारी गोळी अरुंद राहते. गोळी बनवणाऱ्यांची गेल्या सव्वाशे वर्षांची सगळी धडपड या दोहोंचा मेळ बसवण्याची आहे.

काडतूस आणि गोळी

बातम्यांत ‘जिवंत काडतुसे जप्त’ असं वाचतो ती चार वस्तूंची जोडणी असते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत बारूद, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. झाडल्यावर उडते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते.

नेहमीची शिकारी गोळी म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. शिसं जड आणि मऊ. नुसतं शिसं आजच्या वेगाला नळीतच घासून निघेल, म्हणून कवच लागतं. हे कवच टोकापर्यंत बंद असेल तर ती ‘फुल मेटल जॅकेट’, म्हणजे सैन्याची गोळी. टोकाशी शिसं उघडं ठेवलं तर ती ‘सॉफ्ट नोज’. आपल्याकडे ३१५ बोरची परवान्याची रायफल बाळगणारे हे शब्द नेहमी वापरतात.

सॉफ्ट नोजचा इतिहास आपल्या मातीतला आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात ब्रिटिशांनी टोकाशी शिसं उघडं असलेली गोळी तयार केली, म्हणून जगभर तिला ‘दमदम’ म्हणू लागले. शरीरात शिरून पसरणारी ही गोळी माणसावर वापरणं अमानुष आहे, असं म्हणत १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा जाहीरनामा निघाला. शिकारीत मात्र नियम बरोबर उलटा आहे. अनेक देशांत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत मोठ्या हरणासाठी पसरणारी गोळीच सक्तीची आहे, कारण सैन्याची बंद कवचाची गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर जखमी अवस्थेत पळत राहतं. युद्धातल्या नियमामागे हेतू असा, की जखमी माणूस वाचावा. शिकारीत जनावर जखमी राहूच नये हा हेतू. म्हणून दोन्ही नियम आपापल्या जागी मला बरोबर वाटतात.

गोळी दोन प्रकारे दगा देते

सॉफ्ट नोज गोळी मांसात शिरली की तिचं टोक दाबलं जाऊन मागे वळतं आणि तिला आळंबीच्या छत्रीसारखा आकार येतो. चांगली पसरलेली गोळी मूळ जाडीच्या दीडपट ते दुप्पट होते.

पहिला दगा असा: गोळी फार मऊ, वेग फार जास्त, आणि जनावर जवळ. मग ती वरच्यावरच फुटते. खांद्याच्या हाडावर तिचे तुकडे होतात, भलीमोठी पण उथळ जखम होते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी केलेल्या हलक्या, पातळ कवचाच्या गोळ्या सांबरावर झाडल्या तर हेच होतं. दुसरा दगा उलट: गोळी फार कठीण किंवा लांबवर जाऊन मंदावलेली. ती पसरतच नाही आणि बारीक भोक पाडून निघून जाते.

१९४६ साली जॉन नोस्लर हा अमेरिकी शिकारी कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, आणि त्याच्या पुढ्यातलं तर चिखलात लोळलेलं. त्याच्या वेगवान रायफलच्या गोळ्या जवळून झाडल्यावर वरच्यावर फुटत होत्या आणि जनावर उभंच. परत येऊन त्याने गोळीच्या पोटात आडवी तांब्याची भिंत घातली. पुढच्या कप्प्यातलं शिसं पसरेल, मागच्या कप्प्यातलं भिंतीआड सुरक्षित राहून गोळीला पुढे ढकलेल. १९४८ पासून ‘पार्टिशन’ या नावाने ती गोळी विकली जाऊ लागली आणि आजही विकली जाते. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिने एकाच गोळीच्या दोन भागांना दोन कामं वाटून दिली.

पुढे दुसरी वाट निघाली ती ‘बॉन्डेड’ गोळीची. शिसं आणि कवच एकमेकांना वितळवून चिकटवलेले असतात, त्यामुळे हाडावर आपटूनही दोन्ही वेगळे होत नाहीत. तिसरी वाट म्हणजे शिसं काढूनच टाकायचं. सबंध तांब्याची गोळी, टोकाशी पोकळी. अमेरिकेत बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकात ही घडण वापरात आणली. शिरल्यावर तिच्या टोकाच्या चार पाकळ्या उलगडतात, आणि वजन जवळजवळ सगळं टिकून राहतं. साधी शिशाची गोळी आत जाता जाता कधी निम्मं वजनही गमावते.

टोकाला रंगीत प्लॅस्टिकची टोपी दिसते ती हवा कापायला आणि पसरणं सुरू करून द्यायला. टोपीचा रंग पाहून गोळी निवडू नका, कारण त्याच टोपीखाली अगदी मऊ गोळीही असते आणि अगदी कठीणही.

हत्तीचा हिशोब वेगळा. तिथे जाड कातडी आणि प्रचंड हाडं भेदायची म्हणून न पसरणारी भरीव गोळी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. डी. एम. बेल या हत्तीच्या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेच ७ मिलिमीटरच्या लहानशा रायफलने. त्या हत्यांचं मला कौतुक नाही. पण ‘मोठं जनावर, म्हणून मोठा बोर’ हे गणित किती अपुरं आहे ते त्यातून दिसतं. त्याची गोळी लांब, बंद कवचाची, न वाकणारी होती आणि ती कुठे मारायची हे त्याला माहीत होतं.

वजन, जाडी आणि वेग

गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये लिहितात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेनची गोळी झाली ११.७ ग्रॅमची. तुलनेला, आमच्या दहा मीटरच्या एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल. पॉइंट टू-टू (.22) रायफलची ४० ग्रेनची गोळी जेमतेम दीडशे ज्यूलची. थर्टी-ओ-सिक्स (.30-06) या शिकारी काडतुसातून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते, ती ३,९०० ज्यूलच्या पुढे. रेंजवर शिकलेल्या मुलांना या उडीचा अंदाज नसतो. नेम तोच असला तरी खांद्यावर बसणारा धक्का अगदी वेगळा असतो.

नावातल्या आकड्यांवर फार जाऊ नका. ‘थर्टी-ओ-सिक्स’मधलं ओ-सिक्स म्हणजे १९०६ हे साल, आणि तिची गोळी ०.३०८ इंच जाड. ‘टू-सेव्हन्टी’ (.270) काडतुसाची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंचाची.

खोल जाण्यासाठी बघायचा आकडा म्हणजे ‘सेक्शनल डेन्सिटी’. गोळीचं पौंडातलं वजन भागिले तिच्या इंचातल्या जाडीचा वर्ग. आकडा जितका मोठा तितकं कमी जागेवर जास्त वजन, आणि म्हणून जास्त खोली. ०.३०८ इंचाची १५० ग्रेनची गोळी ०.२२६, तीच १८० ग्रेनची ०.२७१, आणि बारीक दिसणारी ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची गोळी चक्क ०.२८७. स्वीडनमध्ये पिढ्यान् पिढ्या ६.५ च्या रायफलने मूस मारले जात आहेत, त्याचं कारण हेच. हा आकडा समान घडणीच्या गोळ्यांमध्येच तुलनेला वापरायचा. फुटणाऱ्या गोळीचं वजन आत शिरल्यावर कमी होतं, मग डब्यावरचा आकडा खोटा ठरतो.

आता वेग. प्रत्येक पसरणाऱ्या गोळीला पसरायला काहीएक किमान वेग लागतो. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना तो सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास, तांब्याच्या अनेक गोळ्यांना सहाशेच्या आसपास. कंपनी तो आकडा जाहीर करते, तो शोधून वाचा. आपल्या १८० ग्रेनच्या गोळीचा ८२० चा वेग दोनशे मीटरच्या आसपास सातशेवर येतो आणि चारशे मीटरच्या आधीच सहाशेखाली घसरतो. म्हणजे जी तांब्याची गोळी दोनशे मीटरवर उत्तम उलगडते, तीच चारशेवर बारीक भोक पाडून जाऊ शकते. नेम अचूक बसूनही. ‘तुझी रायफल किती लांब मारते?’ यापेक्षा ‘तुझी गोळी किती अंतरापर्यंत पसरते?’ हे विचारा. हवेत वेग टिकवून ठेवण्याच्या गुणालाही एक आकडा असतो, पण दोनशे मीटरच्या आत त्याने फारसा फरक पडत नाही, आणि नव्या शिकाऱ्याने दोनशेच्या पुढे झाडूच नये.

कायदे याच गोष्टी आकड्यांत बांधतात. व्हिक्टोरियात सांबरासाठी किमान ०.२७० इंच बोर आणि किमान १३० ग्रेनची गोळी. जर्मनीत तांबड्या हरणासारख्या मोठ्या जनावरांना किमान ६.५ मिलिमीटर, आणि शंभर मीटरवर २,००० ज्यूल ऊर्जा उरलेली हवी. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी ९ ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर २,७०० ज्यूल, १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २,००० पुरे. स्वीडनचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. जड गोळी कमी ऊर्जेतही खोल जाते हे त्याने मान्य केलं आहे.

शिसं

आमच्या रेंजवर सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा नियम मी कधी मोडू देत नाही. छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं मेंदूला, विशेषतः मुलांच्या मेंदूला, कायमची इजा करतं. शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शिकारीत हेच शिसं मांसात जातं. वेगवान शिशाची गोळी आत पसरताना तिचे शेकडो बारीक कण उडतात. मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले तेव्हा जखमेपासून वीतभर, कधी त्याहूनही लांब, हे कण सापडले. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही येत नाहीत. जखमेभोवतीचं थोडं मांस कापून टाकलं की झालं, ही समजूत म्हणून फसवी आहे.

आणि जे शिकारी जंगलात टाकून येतो, आतडी, फुटलेला भाग, ते पक्षी खातात. कॅलिफोर्नियाचे काँडर नावाचे प्रचंड गिधाड १९८२ साली जगात फक्त २२ उरले होते. पकडून, पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडले, तरी त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण शिशाची विषबाधा हेच राहिलं. शेवटी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आणली. टास्मानियातल्या गरुडांच्या शरीरातही शिसं सापडलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजवावं लागू नये. मेलेल्या गुरांच्या मांसातल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. विष वेगळं, पण वाट तीच: मढ्यातून गिधाडात. हे डोळ्यांदेखत घडलेलं असताना आपल्यातल्या कुणी परदेशी जाऊन तिथल्या गरुडांना शिसं खाऊ घालावं, हे मला सहन होत नाही. म्हणून कायदा सांगत नसला तरी माझा सल्ला तांब्याच्या गोळीचा आहे.

तांब्याला मर्यादा आहेत. ती महाग पडते. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर ठेवायला नळीतल्या पेचदार खाचांनी तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं, आणि जुन्या रायफलला ते जमेलच असं नाही. पसरायला वेगही जास्त लागतो. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घेतात: शिशात १८० ग्रेन घेतली असती तिथे १५० किंवा १६५. हलकी असल्याने ती वेगात सुटते आणि वजन न गमावल्याने खोलही जाते.

तर मेलबर्नवाल्याने काय घ्यावं

टू-सेव्हन्टी किंवा थ्री-ओ-एट (.308) काडतुसाची रायफल. दोन्ही सांबराला पुरतात आणि दोन्हींचा धक्का शिकाऊ खांद्याला झेपतो. थ्री-हंड्रेड मॅग्नम, म्हणजे जास्त बारूदाचं जोरदार काडतूस, नको. त्याच्या धक्क्याला घाबरून ट्रिगर दाबताना डोळे मिटणारे चांगले नेमबाज मी पाहिले आहेत, आणि तशा गोळीला घडण कुठलीही असली तरी उपयोग नाही. टू-सेव्हन्टीत १३० ग्रेनची तांब्याची. दुकानात ११० ग्रेनचीही दिसेल आणि दुकानदार तिच्या वेगाची तारीफ करेल, पण सांबरासाठी ती व्हिक्टोरियाच्या कायद्यात बसत नाही. थ्री-ओ-एटमध्ये १५० ग्रेनची तांब्याची. तांब्याची मिळालीच नाही तर बॉन्डेड किंवा पार्टिशन, साधी पातळ कवचाची नको. पूर्ण वाढलेला सांबर नर अडीचशे किलोच्या आसपास भरतो, आणि तिथल्या दाट झाडीत तो नेहमी आडवा, छाती दाखवत उभा राहत नाही. तिरक्या उभ्या सांबराच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचायला गोळीला खांदा किंवा पोटाचा भाग पार करावा लागतो, आणि तिथे घडण कामी येते. पाठमोरा असेल तर झाडू नये, गोळी कुठलीही असो.

दोन वेगळ्या कंपन्यांचे एकेक डबे घ्या आणि शंभर मीटरवर कागदावर तीन-तीन गोळ्या झाडून बघा. एकाच मापाच्या दोन रायफली एकच गोळी वेगवेगळी मारतात. जी गोळी तुमच्या नळीतून सगळ्यात जवळजवळ पडते तिचेच आणखी डबे घ्या, डब्यावरचा लॉट नंबर तोच आहे ना ते बघून, आणि रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम त्याच गोळीने जुळवून घ्या. मग बसून, गुडघा टेकून, झाडाला टेकून सराव करा. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात ते तुमचं अंतर. ते दीडशे मीटर निघालं तर एकशे साठवरच्या सांबरावर झाडायचं नाही.